घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावताय? आधी विसरल्यावर काय, ते ठरवा

पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय. घरात एकच डेस्कटॉप आहे, तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या कॉम्प्युटर बाजारातून, असेंबल करून घेतलेला, विंडोज ११ असलेला. बटण दाबलं की काही न विचारता सरळ उघडतो. त्या घरबसल्या काही छोट्या दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहितात. मुलगा नववीत आहे. सासरे पेन्शनचे आणि एफडीचे कागद स्कॅन करून त्यावरच ठेवतात आणि संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन लावतात. मुलाच्या मित्रांनी गेम टाकताना टॅलीचा फोल्डर कुठेतरी सरकवला, तेव्हापासून ताईंना पासवर्ड हवा आहे. यजमान म्हणतात, घरात कसला आलाय पासवर्ड. सासरे म्हणतात, मी विसरणार. आणि ताईंचा प्रश्न असा: तो लावायचा कसा, आणि विसरला तर मशीन फॉरमॅटच करावं लागतं का?

ताई, लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण तुमची अडचण एका पासवर्डने सुटणार नाही. घरात एकच पासवर्ड ठेवलात, तर मुलाला प्रोजेक्टसाठी तो सांगावा लागेल, सासऱ्यांना कीर्तनासाठी सांगावा लागेल, आणि आठवड्याभरात तो मुलाच्या मित्रांनाही पाठ असेल. टॅलीचा फोल्डर होता तिथेच, तसाच उघडा. तुम्हाला हवी आहेत ती वेगवेगळी अकाउंट्स: तुमचं एक, मुलाचं एक, सासऱ्यांचं एक. पासवर्ड हा त्यातला शेवटचा भाग.

दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामातली. कोणीतरी आत घुसला म्हणून माझ्याकडे येणारी घरगुती मशीन अगदी थोडी. मालकालाच आत जाता येत नाही म्हणून येणारी मात्र सतत चालू असतात. त्यामुळे घरी पासवर्ड लावताना मी आधी परत आत येण्याची सोय करून घेतो आणि मग पासवर्ड टाकतो. तुमच्या सासऱ्यांची शंका म्हणूनच मला तुमच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाची वाटली.

यजमानांचंही अगदीच चूक नाही. दोघंच माणसं, लहान मूल नाही, बाहेरच्या कोणाचा डेटा नाही, मशीन फक्त सिनेमे आणि बातम्यांसाठी, अशा घरात पासवर्ड नसला तर आभाळ कोसळत नाही. बिनपासवर्डच्या लोकल (ईमेलशी न जोडलेल्या, त्या मशीनपुरत्या) अकाउंटने विंडोज नेटवर्कवरून किंवा रिमोट डेस्कटॉपने कोणाला आत घेतही नाही. समोर बसूनच ते उघडतं. पण तुमच्याकडे दुसऱ्यांची बँक स्टेटमेंट्स आहेत, जीएसटीची कागदपत्रं आहेत. शिवाय क्रोममध्ये जे पासवर्ड साठवलेले असतात, ते उघड करून दाखवण्याआधी क्रोम विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारतो. विंडोजलाच पासवर्ड नसेल तर विचारणार काय? म्हणून तुमच्या बाबतीत मी हो म्हणेन.

सुरुवात तपासणीपासून करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, आणि त्यात ‘युअर इन्फो’ उघडा. नावाखाली ‘लोकल अकाउंट’ असं लिहिलेलं असेल, नाहीतर एखादा ईमेल दिसेल. असेंबल केलेल्या मशीनवर बहुतेक वेळा ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘युजर’ नावाचं बिनपासवर्डचं लोकल अकाउंट असतं. तसं असेल तर उत्तमच. ईमेल दिसला तर तो कोणाचा आहे ते नीट वाचा. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, आणि गिऱ्हाईक समोर नसलं की दुकानातला पोरगा दुकानाचाच ईमेल टाकून मोकळा होतो. मग मशीन तुमचं, पण त्याचा खरा पासवर्ड दुकानाकडे, ओटीपी दुकानाच्या मोबाइलवर आणि डिस्कचं एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता न येणारं करणं) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ती किल्ली, सुद्धा दुकानाच्या अकाउंटमध्ये. अशा मशीनवर आधी अकाउंट आपल्या नावावर आणायचं, बाकी सगळं नंतर.

आता कोणाला कसलं अकाउंट द्यायचं. यावर मतं वेगवेगळी आहेत, मी माझं सांगतो. तुमचं अकाउंट तुमच्या स्वतःच्या ईमेलवर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंट, आणि ते मशीनवर सगळे अधिकार असलेलं, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. विसरलात तर फोनवर ओटीपी मागवून पासवर्ड बदलता येतो. मुलाचं आणि सासऱ्यांचं लोकल अकाउंट, आणि तेही ‘स्टँडर्ड युजर’. कारण ते दोघं विसरले तर तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून कंट्रोल पॅनेलमधल्या ‘युजर अकाउंट्स’मध्ये जाऊन, ‘मॅनेज अनदर अकाउंट’मधून त्यांना नवा पासवर्ड देऊ शकता. फॉरमॅट नाही, दुकान नाही, फायली जिथल्या तिथे. एवढंच की असा बाहेरून बदलला तर त्या अकाउंटच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सहसा हातचे जातात. सासऱ्यांच्या बाबतीत त्याने बिघडणार नाही. मुलाच्या वेळेवर मर्यादा घालायची असेल तर मायक्रोसॉफ्टची फॅमिली सोय आहे, पण त्यासाठी मुलाचंही मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. तो तुमचा घरचा निर्णय.

स्टँडर्ड अकाउंटचा फायदा पासवर्डपेक्षा मोठा आहे, असं मला वाटतं. मुलाने कुठून तरी उतरवलेला गेम सगळ्या मशीनवर बसवायला गेला की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. तिथे गाडी थांबते. व्हायरस यायचा नाही असं नव्हे, पण सगळं मशीन पोखरणं त्याला अवघड जातं. मात्र तुम्ही लॉगिन करून बसलेल्या असताना फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला स्वतःच एनीडेस्क (दुसऱ्याला आपलं मशीन दुरून चालवू देणारा प्रोग्रॅम) चालू करून दिलंत, तर लॉगिनचा पासवर्ड काही कामाचा नाही.

तुम्ही आता जे अकाउंट वापरता तेच तुमचं ठेवा, त्यालाच तुमचा ईमेल जोडून. म्हणजे टॅली, प्रिंटर, बुकमार्क कशालाच हात लावावा लागत नाही. नवी अकाउंट्स इतरांसाठी काढा: सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अदर युजर्स’, ‘अ‍ॅड अकाउंट’. ईमेल मागेल, तिथे खालची ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाची ओळ दाबायची, आणि पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा’ ही. ही ओळ मुद्दाम बारीक अक्षरात ठेवलेली आहे, डोळ्यांना पटकन सापडत नाही. नवं अकाउंट आपोआप स्टँडर्डच होतं. सासऱ्यांचे कागद तुमच्या डेस्कटॉपवर असतील तर सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर आहे, त्यात टाका, मग त्यांच्या अकाउंटमधून उचलून त्यांच्या डॉक्युमेंट्समध्ये न्या. आणि पब्लिकमधली प्रत पुसायला विसरू नका.

आणखी एक अकाउंट काढा, जे रोज कोणीच वापरणार नाही. लोकल, आणि काढून झाल्यावर ‘चेंज अकाउंट टाइप’मधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलेलं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून गॅसचं पुस्तक, घरपट्टीच्या पावत्या ज्या फायलीत असतात तिथे ठेवा. तुमचं अकाउंट काही कारणाने अडकलं, इंटरनेट बंद पडलं, ओटीपी जुन्या नंबरवर जायला लागला, तर आत यायची ही वाट. कागदावर पासवर्ड लिहू नये असं ऑफिसात सांगतात, ते ऑफिसात ठीक. घरी कपाटातला कागद हा मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी बरा, आणि फक्त डोक्यात असण्यापेक्षाही बरा. घरातला हिशेब बघणारा माणूस अचानक गेल्यावर बायको-मुलं कॅबिनेट घेऊन येतात, आत विम्याचे कागद असतात आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो, हे मी पाहिलेलं आहे.

इथे एक खोच आहे. लोकल अकाउंट काढताना विंडोज तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं भरून घेतं, म्हणजे पासवर्ड चुकला तर ती देऊन नवा लावता येतो. प्रश्न ठरलेले सहाच आहेत, त्यातून निवडायचे: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, लहानपणीचं टोपणनाव, आईवडील कुठे भेटले ते शहर, सगळ्यात मोठ्या चुलतभावाचं नाव, पहिली शाळा. आता सांगा, आपल्या घरात यातलं काय कोणाला माहीत नाही? आजोबांचं जन्मगाव नातवाला माहीत, टोपणनाव तर सगळ्या सोसायटीला माहीत. आणि ते राखीव अकाउंट अ‍ॅडमिन आहे. त्याची उत्तरं खरी दिलीत तर नववीतला मुलगा एका दुपारी मशीनचा मालक होईल. म्हणून उत्तरं खोटी द्या. जन्मगाव विचारलं तर भाजीचं नाव लिहा, काहीही चालतं, विंडोज खरंखोटं तपासत नाही. तीही त्याच कागदावर लिहून ठेवा.

आता पासवर्ड कसा असावा. मोठं अक्षर, चिन्ह, आकडा, दर तीन महिन्यांनी बदल, ही ऑफिसची शिस्त घरात आणू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेच २०१७ साली हा आग्रह सोडला: लांबी महत्त्वाची, आणि फुटल्याचा संशय असेल तेव्हाच बदला. चार साधे, एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द रोमन अक्षरात सलग टाइप केले की लांबी आपोआप मिळते आणि लक्षातही राहतात. ‘पातेलं रिक्षा मंगळ सुतळी’ असं काहीतरी (हेच नको, आता ते सगळ्यांनी वाचलं). मुलाचं नाव, लग्नाची तारीख, फ्लॅट नंबर, एमएच-१२ च्या गाडीचा नंबर, यातलं काही नको.

मराठी शब्द घ्याल तेव्हा एक नक्की करा: स्पेलिंग. ‘वाटाणा’ तुम्ही व्हीने लिहाल, सासरे डब्ल्यूने लिहितील. ‘ळ’ला कोणी लहान एल लिहितो, कोणी मोठा. ‘मंगळ’ शेवटी एल आहे का आणखी एक ए आहे, यावर दोन दिवस घालवलेली माणसं आहेत. म्हणून कागदावर शब्द मराठीत नाही, टाइप केलेली रोमन अक्षरंच लिहायची, जशीच्या तशी. आणि मशीनवर मराठी कीबोर्ड बसवलेला असेल तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते. ती मराठीवर असेल तर पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबला की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून धरला की काय उमटतंय तेही दिसतं. पासवर्ड चालत नाही म्हणून येणाऱ्या फोनवर मी पहिल्यांदा हा डोळाच दाबायला सांगतो.

सासऱ्यांसाठी पिन. लोकल अकाउंटला आधी पासवर्ड द्यावा लागतो, मग ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये पिनचा पर्याय खुला होतो. चार आकड्यांचा पिन चार शब्दांच्या पासवर्डपेक्षा कमकुवत वाटतो, पण तो त्या एका मशीनपुरताच असतो. कोणाला कळला तरी त्याला तुमच्या घरात येऊन त्या खुर्चीवर बसावं लागेल. चुकीचे पिन मारत राहिलं तर विंडोज मध्येच थांबवतं आणि पडद्यावर दिलेला एक शब्द टाइप करायला सांगतं, ए१बी२सी३ असा. वयस्कर माणसं याने हमखास घाबरतात, हॅक झालं म्हणून फोन येतो. त्यांना आधीच सांगून ठेवा की घाबरायचं कारण नाही, दिसतंय ते टाइप करा आणि पुन्हा पिन टाका. आणि नम लॉक! कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवरून पिन मारतात, नम लॉक बंद असतो, चौकटीत काही उमटत नाही, आणि ‘कॉम्प्युटर बिघडला’. लाइट जाऊन आली की असे फोन जरा जास्तच येतात. त्यांना वरच्या ओळीतले आकडे वापरायची सवय लावा.

पिन तुम्हीही वापरा, पण एक धोका ध्यानात ठेवून. रोज पिनच टाकल्यामुळे मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड माणूस पार विसरतो. मग बायॉस (मदरबोर्डवरचा, विंडोजच्या आधी चालू होणारा प्रोग्रॅम) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की पिन चालत नाही आणि विंडोज तो खरा पासवर्ड मागतं. म्हणून तो कागदावर हवा, आणि अकाउंटमध्ये नोंदवलेला मोबाइल नंबर सध्याचा हवा. नंबर, ईमेल सगळंच जुनं असेल आणि एकदम बदलायला गेलात तर मायक्रोसॉफ्ट तीस दिवस थांबवून ठेवतं. रिटर्न भरायच्या आठवड्यात हे झालं तर काय, विचार करा.

आता तुमच्या टॅलीच्या फोल्डरकडे येतो, कारण खरा घोळ तिथे आहे. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि सांगतो, सगळं डीमध्ये ठेवा, फॉरमॅट केलं तरी वाचेल. सल्ला जुना आणि तसा बरोबर आहे. पण वेगळ्या अकाउंट्सचा आडपडदा विंडोज फक्त सी ड्राइव्हवरच्या तुमच्या स्वतःच्या फोल्डरला देतं, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. डी ड्राइव्ह त्यात येत नाही. तिथलं सगळं मशीनवरच्या कुठल्याही अकाउंटला दिसतं, बदलता येतं, पुसताही येतं. तुमच्या अकाउंटला कितीही भक्कम पासवर्ड लावा, मुलाच्या अकाउंटमधून टॅलीचा डेटा तसाच उघडा राहील. अकाउंट्स वेगळी करून थांबलेल्या बहुतेक घरांत मला हेच राहून गेलेलं दिसतं.

यावर दोन उपाय आहेत. सोपा म्हणजे डेटाचा फोल्डर तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवायचा आणि टॅलीला नवा पत्ता दाखवायचा. मग बॅकअप मात्र नियमाने बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, कारण डीचा आधार गेला. दुसरा म्हणजे डीवरच्या त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड यात जाऊन इतरांची परवानगी काढायची. हे करताना स्वतःचीच परवानगी उडवून बसणारे बरेच असतात, त्यामुळे सवय नसेल तर पहिलाच उपाय बरा. टॅलीचा स्वतःचा व्हॉल्ट पासवर्डही असतो, तो डेटाच एन्क्रिप्ट करतो. पण तो विसरलात तर परत मिळवायची सोयच नाही. मी घरगुती कामासाठी तो सुचवत नाही.

मशीन चोरीला गेलं किंवा दुरुस्तीला दिलं तर? लॉगिनचा पासवर्ड हा पुढच्या दारावरचा रखवालदार आहे; डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावणारा त्या दाराने येतच नाही. यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली की फायली समोर. त्याला अटकाव फक्त एन्क्रिप्शनचा. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं. होममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसलं तर आहे, नाहीतर तुमच्या हार्डवेअरवर ते चालत नाही. २०२४ साली आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या पुष्कळ मशीनवर ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ता नसतो. चालू असेल तर अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावरून आजच छापून त्या फायलीत लावा. की नसेल तर त्या डिस्कमधून मी काय, कोणीच काही काढून देऊ शकत नाही.

दुरुस्तीला देताना आपला पिन चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवू नका. बहुतेक कामाला पासवर्ड लागतच नाही. लागलाच तर कामापुरतं एक अकाउंट काढून द्या आणि मशीन घरी आलं की पुसून टाका. बायॉसला पासवर्ड लावण्याचा सल्लाही कोणी देईल. घरी नको. जुन्या डेस्कटॉपवर तो मदरबोर्डवरची बॅटरी काढून घालवता येतो, म्हणजे संरक्षण नावापुरतं, आणि लॅपटॉपवर विसरलात तर बहुधा सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

क्रम सांगतो. सगळ्यात आधी टॅलीचा डेटा आणि सासऱ्यांचे कागद पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग राखीव अ‍ॅडमिन अकाउंट आणि कागद. मग मुलाचं आणि सासऱ्यांचं अकाउंट, मग डीवरचा फोल्डर हलवणं, आणि शेवटी तुमच्या अकाउंटला पासवर्ड व पिन. मशीन रीस्टार्ट करून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने एकदा आत जायला लावा, राखीव अकाउंटनेही जाऊन बघा. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायची सवय लावा, नाहीतर तुमचंच अकाउंट उघडं ठेवून तुम्ही कुकरकडे जाल आणि मुलगा त्यातच बसेल.

या सगळ्याला माणूस बोलावायची गरज नाही. फक्त ‘युअर इन्फो’मध्ये अनोळखी ईमेल निघाला, तर काहीही न बदलता आधी इथे कळवा. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का, तेही सोबत लिहा. दुकानाच्या अकाउंटमध्ये की अडकलेली असेल तर आधी एन्क्रिप्शन बंद करून घ्यावं लागेल, आणि तेवढा वेळ मशीन चालू ठेवावं लागेल.